धारणी स्टँडवरचा मिस कॉल

जुनी खिडकी बंद केली त्या दिवशी आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते, हे आधीच कबूल करून टाकते. मागाहून दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आपल्याच तोंडानं सांगितलेलं बरं.

आता ही खिडकी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही इथूनच पान उलटाल. मी सॉफ्टवेअर करते. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं, त्यामुळे दोन्ही गावांत मला चार गोष्टी ऐकवणारी माणसं भरपूर आहेत. सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायच्या, "सून कम्पुटर दुरुस्त करते." मी कधी खोडून काढलं नाही, कारण खरं सांगायला बसले असते तर त्यांची चहाची वेळ टळली असती. आमचं मुख्य काम रक्तपेढ्यांचं. रक्त कोणी दिलं, कोणत्या गटाचं, पिशवी कोणत्या फ्रिजात आहे, ती बाद कधी होणार आणि कोणाला दिली, या सगळ्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला. अमरावतीची एक पेढी आणि अकोल्याची एक पेढी, दोन्ही पहिल्यापासून तोच वापरतात.

या प्रोग्रामशी दुसऱ्या प्रोग्रामांना बोलायचं असतं. दवाखान्याच्या संगणकाला विचारायचं असतं, 'ओ पॉझिटिव्ह आहे का हो?' त्यानं थेट आमच्या घरात शिरून कपाटं उघडू नयेत म्हणून आम्ही एक खिडकी ठेवतो. एसटी स्टँडवर आरक्षणाची असते तशीच. खिडकीशी यायचं, ठरलेल्या शब्दांत विचारायचं, ठरलेल्या शब्दांत उत्तर घेऊन चालू पडायचं. इंग्रजीत तिला एपीआय म्हणतात. माझ्या नवऱ्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढंच समजलंय आणि त्याचं काही अडलेलं नाही.

ती पहिली खिडकी मी आणि रफिकभाईंनी मिळून केली. रफिकभाई अकोल्याचे, यंत्रांची सगळी बाजू त्यांची. तारा, डबे, प्रिंटर, जे काही बंद पडेल ते त्यांच्या हाताला आलं की चालू होतं. प्रोग्राम माझा, यंत्रं त्यांची, आणि भांडण दोघांचं, असा आमचा धंदा चालला. खिडकी साधीच होती. एक ओळ विचारा, एक ओळ उत्तर घ्या. ना ओळखपत्र, ना पासवर्ड. तेव्हा विचारणारे असून असून किती, सगळे ओळखीचेच. चांगली चालली ती. मला तिचा अभिमान होता आणि आजही आहे, कोणी काही म्हणो.

पण जग बदललं. आताची मुलं सगळं हातानं लिहीत नाहीत. त्यांना आयता सांगाडा मिळतो, फ्रेमवर्क म्हणतात त्याला. त्याच्यावर भराभर भिंती चढवायच्या की मोबाइलचं ॲप तयार. काम झटपट होतं, दिसतंही देखणं. फक्त या सांगाड्यांची विचारायची रीत वेगळी. आमच्या खिडकीला ती कळायची नाही. दवाखान्यांचे फोन येऊ लागले, "मॅडम, तुमच्याशी जोडताच येत नाही हो, दुसऱ्यांचं पाहावं लागेल." मोठ्या शहरांतल्या कंपन्या आपापल्या खिडक्या कधीच नव्या करून बसल्या होत्या. आमच्यापुढं दोनच गोष्टी होत्या, एक तर खिडकी नवी करा, नाहीतर दुकान बंद करून नातवंडं सांभाळा. मला नातवंडं आवडतात, पण इतकी नाही.

तेव्हा केतकी आली. दर्यापूरची पोरगी, पुण्यात आठ वर्षं नोकरी करून परतलेली. हुशार आणि तोंडानं फटकळ, म्हणजे आमच्यात शोभेल अशीच. तिनं माझा प्रोग्राम उघडला आणि दोन दिवस एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, हे चालतं कसं?"

"चालतंय ना?" मी म्हटलं. "मग हात नको लावू."

पुढे चार महिने आमचं जुंपलं. शेवटी मी हात टेकले आणि तिनं वर्षभरात सगळं नव्यानं बांधलं. खरं सांगते, काम पाहून मी मनातल्या मनात कान पकडले. नव्या खिडकीशी कोणताही नवा सांगाडा येऊन बोलू शकत होता. प्रत्येक विचारणाऱ्याला ओळखपत्र, कोणी कधी काय विचारलं याची नोंद, एका वेळी शेकड्यानं आले तरी दम लागणार नाही अशी तब्येत. मोठ्या शहरातल्या एका कंपनीचे लोक पाहायला आले. "हे अमरावतीत केलं?" असं दोनदा विचारून गेले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांना चहा दिला नाही.

जुनी खिडकी बंद करायची ती रीतसर. कोण कोण वापरतं त्याची यादी मी स्वतः केली. यादीतल्या प्रत्येकाला पत्र गेलं, महिन्याची मुदत दिली, प्रत्येकाची सही घेतली. ठरल्या दिवशी केतकीनं कळ दाबली, आम्ही पेढे वाटले. आणि एकाचीही तक्रार आली नाही. तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. अहो, आमच्या वऱ्हाडात पंगतीला मीठ वाढायचं राहिलं तरी चार पानांवरून आरडाओरडा होतो. इथं अख्खी खिडकी बंद केली आणि सगळे गप्प?

बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रफिकभाई एक जुना डबा घेऊन बसले होते. मोबाइलचं सिम बसवलेला हा डबा संगणकाला जोडला की मेसेज पाठवतो. रक्तदात्यांना 'तीन महिने झाले, या' अशी आठवण त्याच्यातूनच जायची. नव्या व्यवस्थेत मेसेज इंटरनेटवरून जाऊ लागले, तेव्हा डबा निघाला भंगारात आणि सिम परत करायचं होतं. ते करायला त्या सिमवर एक नंबर येतो तो सांगावा लागतो, म्हणून रफिकभाईंनी सिम आपल्या एका जुन्या फोनमध्ये घातलं.

फोन सुरू झाला आणि टिंग टिंग वाजायलाच लागला. थांबेचना. रफिकभाईंनी चष्मा वर केला. "बाई, हे पाहा. या नंबरवरून कॉल आला होता, त्या नंबरवरून कॉल आला होता. बारा दिवसांचे साठले. इकतीस, बत्तीस... अरे बाप रे."

"कोणाचे?"

"तेच त म्हणून राहिलो. या नंबरवरून दात्याइले नुसते मेसेज जाये, कॉल कोणी करत नव्हतं. आपून कुठं छापला नाही, कोणाले देला नाही. मंग मिस कॉल कोण मारून राहिला?"

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन एकदा वाजला आणि बंद झाला. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा वाजला, पुन्हा बंद. नंबर तोच. मी फोन हिसकावून घेतला आणि उलट लावला.

"हॅलो, नंदाबाई काय जी?" पलीकडून पुरुषाचा आवाज.

मी गारच झाले. माझं नाव नंदा खरं, पण हा कोण? "हो, मीच. आपण?"

"मी बाबूलाल, धारणी स्टँडवरून बोलून राहिलो. जीपवाला. बाई, आज मेसेज कावून नाही टाकला? तीन डाव मिस कॉल देला. अर्धा घंटा झाला, उभाच हावो."

"कोणता मेसेज, दादा?"

"रगताचा जी!" आता तो चिडलाच. "पोट्टी गाडीत झोपून हाये, माह्या बहिणीची. फुलवती, बारा सालाची, सिकलसेल हाये तिले. डाक्टरनं चिठ्ठी देली, बी निगेटिव पायजे म्हणे, अन् आजच पायजे. दवाखान्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली. अमरावतीले नेऊ का अकोल्याले, तेवढं सांगा. गाडी चालूच हाये."

ज्यांनी धारणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मेळघाटातल्या त्या गावाहून खाली उतरायला दोन वाटा आहेत. एक परतवाड्यावरून अमरावतीला येते, दुसरी अकोटवरून अकोल्याला. दोन्ही जंगलातून, घाटातून, आणि रस्त्याबद्दल न बोललेलंच बरं. एकदा जंगलात शिरलं की फोनला रेंज नाही, मधे विचार बदलायची सोय नाही. चुकीच्या वाटेनं उतरलात तर खाली आल्यावर दुसऱ्या गावी पोचायला आणखी शंभर किलोमीटर. आणि गाडीत बारा वर्षांची सिकलसेलची मुलगी. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि मोडतात, मुलीचं रक्त उतरत जातं. धारणीच्या दवाखान्यात थोडा साठा असतो, पण बी निगेटिव्ह आमच्याकडे सोन्याच्या भावानं शोधलं तरी लवकर सापडत नाही.

"थांबा, फोन ठेवू नका," मी म्हटलं आणि केतकीला ओरडून सांगितलं, "बी निगेटिव्ह बघ!"

तिनं पडदा वळवून दाखवला. अमरावती शून्य. अकोला शून्य.

आमची नवी खिडकी, जिच्यासाठी पेढे वाटले होते ती, अगदी सुबक अक्षरांत मला दोन शून्यं दाखवत होती. नागपूरला जा म्हणावं तर पोरीला आणखी किती तास गाडीत ठेवायचं? आणि एकदम मला मारोती आठवला.

अकोल्याच्या पेढीत कुसुमताई म्हणून तंत्रज्ञ आहेत. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, माझ्याहून दुप्पट हट्टी. निवृत्त झाल्यावरही पेढीनं सोडलं नाही, कारण त्यांच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही. त्यांची एक जुनी पद्धत. प्रत्येक निगेटिव्ह गटाची एक पिशवी त्या मारोती नावाच्या पेशंटसाठी राखून ठेवायच्या. असा पेशंट कोणी नव्हताच. "गावाच्या वेशीवर असते ना मारोती, तसा एक फ्रिजात असू द्या," त्या म्हणाल्या होत्या. कोणी वॉर्डातून सहज मागितली तर ती द्यायची नाही, पण खरंच जिवावर बेतलं तर मारोतीची पिशवी निघायची. जुनी व्हायच्या आत वापरायची आणि जागी दुसरी ठेवायची. मी नवी नवी होते तेव्हा त्यांच्याशी खूप वाद घातला, हरले, आणि प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली, की पेशंटसाठी राखलेली पिशवी एरवी मोजायची नाही, पण मारोतीच्या नावावर असेल तर खिडकीवर विचारणाऱ्याला ती 'आहे' म्हणूनच सांगायची.

नवं काम करताना केतकीला ती ओळ सापडली होती. "मॅडम, हा मारोती कोण? कायम चार पिशव्या याच्या नावावर, आणि ना याचं वय, ना पत्ता." मी त्या वेळी बाहेर निघाले होते, एक पाय चपलेत. म्हटलं, "असेल जुनं काहीतरी, काढून टाक." हे मी म्हटलं. जिनं ती ओळ लिहिली तिनंच. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

कुसुमताईंना दुसऱ्या फोनवरून लावला. "मारोतीची बी निगेटिव्ह आहे का?"

"हाये ना," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या नव्या प्रोग्रामनं माह्या मारोतीले खरा पेशंट करून टाकलं. त्याचं वय मागते, बापाचं नाव मागते. मी टाकलं वय शंभर, बाप वायू. आता म्हणते पिशवी त्याचीच, दुसऱ्याले देता येत नाही."

"ताई, धारणीहून मुलगी निघतेय. ठेवाल ना?"

"ठेवते. पण तपासून जुळली तरच देईन, नाही जुळली त मले बोलू नका. अन् डाक्टरची चिठ्ठी पायजे."

"चिठ्ठी आहे." मी पहिला फोन कानाला लावला. "बाबूलालदादा, अकोल्याला चला."

"किती हाये?"

"एक."

"एक त एक. निघालो जी." फोन कट.

मी रफिकभाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, माहीच करणी हाये." मग सगळं बाहेर आलं. बऱ्याच वर्षांपूर्वी हा डबा नवा होता तेव्हा तो नीट चालतो का ते पाहायला त्यांनी एक गंमत करून ठेवली होती. त्या नंबरवर कोणी मिस कॉल दिला की डबा आमच्या खिडकीला विचारणार, आणि अमरावती व अकोला दोन्हीकडे कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते मेसेजनं उलट पाठवणार. मेसेज आपलाच आहे हे कळावं म्हणून खाली माझं नाव टाकलेलं, नंदा. त्याच सुमाराला धारणीला रक्तदान शिबिर झालं. शिबिराचं सामान नेणाऱ्या जीपवाल्याला यांनी कौतुकानं दाखवलं, "मार मिस कॉल, पाय जादू." त्यानं मारला, जादू पाहिली. रफिकभाई परत आले आणि विसरून गेले.

जीपवाला विसरला नाही. त्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. धारणी स्टँडवरच्या जीपवाल्यांनी पेशंट गाडीत घातला की आधी मिस कॉल द्यायचा, मेसेज पाहायचा आणि मग ठरवायचं, परतवाड्याकडे वळायचं की अकोटकडे. त्याला पैसे पडत नाहीत, फोनवर कोणाची विनवणी करावी लागत नाही, 'साहेब राउंडला गेलेत' असं ऐकावं लागत नाही. आमच्या यादीत नसलेले हे लोक इतकी वर्षं आमची खिडकी वापरत होते, आणि मला वाटतं सगळ्यांत शहाणपणानं तेच वापरत होते. त्यांना पत्र कुठं पाठवणार आणि त्यांची सही कुठून आणणार? बंद झाली तेव्हा त्यांनी तक्रारही केली नाही, कारण कोणाकडे करायची हेच माहीत नव्हतं. ते फक्त पुन्हा पुन्हा मिस कॉल देत राहिले.

केतकीचे डोळे भरले. "मॅडम, ते यादीत नव्हते."

"यादी कोणी केली होती?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी केली होती," मी म्हटलं. "तू रडू नको. आधी ते मेसेज सुरू कर. मारोतीची ओळ टाक. आणि बी निगेटिव्हचे दाते शोध, एका पिशवीनं भागायचं नाही."

मला ऑफिसात बसवेना. रफिकभाईंनी गाडी काढली आणि आम्ही अकोल्याला निघालो. वाटेत मी तो जुना फोन मांडीवर घेऊन एकेक नंबर लावत गेले. बारा दिवसांत ज्यांना उत्तर मिळालं नव्हतं ते सगळे. प्रत्येकाला म्हणायचं, मी नंदाबाई, तुमचा मेसेज राहिला, त्याबद्दल माफ करा. बहुतेकांचं निभावलं होतं. एकजण म्हणाला, "हाव जी, आमी अंदाजानंच गेलो, भेटलं." दुसरा म्हणाला, "अमरावतीले गेलो त नव्हतं, मंग अकोल्याले नेलं. आता ठीक हाये." एका बाईनं तर मलाच धीर दिला, "तुमाले बरं नव्हतं काय? आमाले वाटलंच." आणि एका नंबरवर म्हातारा आवाज आला. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, "आता नाही लागत बाई," आणि फोन ठेवला. नाही लागत म्हणजे काय, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पुन्हा लावलाही नाही. त्या एका फोनचं ओझं माझ्यावर आहे, ते उतरणार नाही.

बडनेरा मागे पडलं तेव्हा केतकीचा फोन आला. ती आता रडत नव्हती, भरभर बोलत होती. नव्या खिडकीला जोडलेल्या ॲपमधून तिनं अमरावती ते अकोला रस्त्यावरच्या गावांतले बी निगेटिव्ह दाते काढले होते, सहा निघाले, आणि सहाही जणांना एका मिनिटात निरोप गेला होता. जुन्या प्रोग्रामात हे करायला मला अर्धा दिवस लागला असता, हे कबूल केलं पाहिजे. मूर्तिजापूरच्या चौकात एक किराणा दुकानदार खरोखर शटर अर्धं ओढून उभा होता. गाडीत बसल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "संध्याकाळपर्यंत सोडान ना? गिऱ्हाइकीचा टाइम असते." त्याचं रक्त तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी कामी येणार होतं.

अकोल्याला पोचलो तर कुसुमताई पिशवीवर पहारा दिल्यासारख्या बसलेल्या. दुपारी वॉर्डातून एकानं मागितली होती, त्यांनी "जीव जाऊन राहिला काय? नाही ना? मंग थांबा" म्हणून परत पाठवलं होतं. मी फाटकाशी उभी राहिले. एक वाजला, दोन वाजले. बाबूलालचा फोन लागत नव्हता, लागणारच नव्हता. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. गाडी बंद पडली असेल, रस्त्यात झाड पडलं असेल, आणि मी त्याला अकोल्याला पाठवलं होतं, ते फक्त माझ्या शब्दावर.

तीनला दहा कमी असताना धुळीनं माखलेली जीप आत शिरली. मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून मुलगी पडली होती. ओठ पांढरेफटक. बाबूलालनं तिला उचललं आणि धावतच आत नेलं. कुसुमताईंनी नमुना घेतला. जुळणी करायला वेळ लागतो, ती घाई करून होत नाही, हे मी पंचवीस वर्षं लोकांना समजावत आले. त्या दिवशी मात्र मीच काचेतून तीनदा डोकावले आणि तीनदा बोलणी खाल्ली. चौथ्यांदा त्यांनी स्वतःच दार उघडलं. "जुळली," म्हणाल्या. "तुमच्या प्रोग्राममधून मारोतीले सुटी द्या आता."

पुढचं थोडं आधीच सांगते. केतकीनं त्याच दिवशी मिस कॉलची सोय पुन्हा सुरू केली आणि नंतर नव्या खिडकीत तिला पक्की जागा दिली. मोठ्या शहरातल्या त्या कंपनीचा माणूस पुन्हा आला तेव्हा त्यानं बोट ठेवलंच. या एका ठिकाणी ओळखपत्र नाही, पासवर्ड नाही, हे आताच्या पद्धतीत बसत नाही, हे वापरणारा ग्राहक तरी कोण? मी तोंड उघडायच्या आत केतकी म्हणाली, "धारणी स्टँड. आमचा सगळ्यांत जुना ग्राहक आहे. तुम्हाला जोडून घ्यायचं असेल तर यांच्यासकट घ्या." घेतलं त्यांनी. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं, एकदोन ठिकाणी शालही मिळाली, पण त्या पोरीचं ते वाक्य ऐकून जितकी छाती फुगली तितकी कधी फुगली नव्हती.

तर त्या दिवशी, चारनंतर. फुलवतीच्या हाताला रक्त लागलं, थेंब थेंब उतरू लागलं. तिनं डोळे उघडून आईकडे पाणी मागितलं. दुकानदाराचं रक्त देऊन कधीच झालं होतं, तो पलीकडच्या बाकावर परतीची वाट पाहत बसला होता. बाबूलाल बाहेर व्हरांड्यात आला, भिंतीला टेकून खाली बसला. साधारण चाळिशीचा, अंगात खाकी शर्ट, घाटातली धूळ भुवयांपर्यंत. रफिकभाईंनी त्याला चहा दिला. मी त्याच्यासमोर जाऊन बसले. बोलायचं तर होतंच.

"बाबूलालदादा, मी नंदा."

त्यानं चहा खाली ठेवून हात जोडले. मला ते सहन झालं नाही.

"हात नका जोडू. चूक आमची झाली. ते मेसेज आम्ही बंद केले होते, आम्हीच. तुम्ही धारणीवरून विचारता हे आम्हाला माहीतच नव्हतं."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"माईत नव्हतं?"

"नाही."

"मंग इतके साल आमाले उत्तर कोन देऊन राहिलं होतं? खाली नाव त तुमचंच ये."

रफिकभाईंनी मान खाली घातली. डबा देत होता म्हणू? एक ओळ देत होती म्हणू? या माणसानं आणि त्याच्या स्टँडवरच्या सगळ्यांनी इतकी वर्षं माझ्या नावावर विश्वास ठेवून घाट उतरला होता, आणि ते नाव कोणीतरी गमतीत टाकलं होतं.

"मीच देत होते, दादा," मी म्हटलं. "मधे बारा दिवस चुकले."

त्यानं मान हलवली, चहाचा घोट घेतला. "मंग आता चुकू नका जी," म्हणाला.

नाही चुकले. अजून तरी.